मोडी कॉम

मागच्या महिन्यात भाचा घरी आला होता. तो नकाशांचं काम करतो, कागदावरच्या नाही, कॉम्प्युटरवरच्या. लॅपटॉप उघडून कुठल्याशा तालुक्यातल्या गावांचा नकाशा दाखवत होता. एका नकाशासाठी एकाच नावाच्या चार-पाच फाइली. त्यातल्या एकीवर बोट ठेवून म्हणाला, "मामा, ही डीबीएफ कसली रे? हिला हात लावला की गावांची नावंच जातात. आणि रकान्याचं नाव दहा अक्षरांपेक्षा मोठं घेतच नाही. कोणी केलंय हे असलं?"

मला हसू आलं, आणि थोडं पोटात कालवलंही. म्हटलं, अरे, ही फाइल तुझ्यापेक्षा वयाने मोठी आहे. एस्री या अमेरिकन कंपनीने १९९० च्या दशकात शेपफाइल नावाचा नकाशाचा प्रकार काढला, तेव्हा माहिती ठेवायला त्यांनी आयती डीबेसची फाइल उचलली. ती अजून चालू आहे. दहा अक्षरांची अट तेव्हाचीच.

त्याला पुढचं सांगितलं नाही. ते आमच्या घरच्यांना अर्धंमुर्धं माहीत आहे, पुरतं कोणालाच नाही. म्हणून इथे लिहितो आहे. ज्यांनी डीबेसवर दिवस काढलेत त्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. बाकीच्यांनी थोडी कळ काढावी.

मी तेव्हा मरोळला कामाला होतो. आजचं मरोळ नाका म्हणजे वर २०१४ पासूनची मेट्रो, खाली २०२४ पासूनची दुसरी मेट्रो, आणि मधे सगळ्या काचेच्या इमारती. १९८८ साली एमआयडीसीत लेथचा आवाज यायचा. रस्त्यावर कटिंग ऑइलचा वास, दुपारी पाळी सुटली की डबे घेतलेल्या माणसांचा लोंढा, मरोळ डेपोच्या बसला लोंबकळणारी गर्दी. पलीकडे सीप्झची भिंत. सीप्झ १९७३ मध्ये झालं, आणि त्याच्या आत आधी टाटा-बरोज आणि मग इतर कंपन्या परदेशासाठी सॉफ्टवेअर लिहीत होत्या. (त्याच भिंतीच्या आत १५७९ सालच्या चर्चचे अवशेष आहेत. १८४० च्या सुमारास साथीमुळे वस्ती हलली आणि चर्च मरोळ गावात गेलं. जुन्या इमारतीवरची झाडं बाहेरून दिसायची.) भिंतीच्या अलीकडे आमचा कारखाना. साठ-सत्तर माणसं, व्हॉल्व्हचे सुटे भाग, मालक म्हणजे शेठ, आणि टाइम ऑफिसला बसणारे एक गृहस्थ, ज्यांना शेठपासून हेल्परपर्यंत सगळे काका म्हणत.

१९८४ च्या नोव्हेंबरमध्ये राजीव गांधी सरकारचं नवं कॉम्प्युटर धोरण आलं, आयात सैल झाली, आणि तीन-चार वर्षांत आमच्यासारख्या कारखान्यांतही एकेक पीसी येऊन बसला. आमच्याकडे १९८८ च्या दिवाळीनंतर आला. वीस एमबीची हार्ड डिस्क, सव्वापाच इंची फ्लॉपी, हिरवी अक्षरं. त्याच्यासाठी काचेचं केबिन, एसी, आणि चप्पल बाहेर काढायचा नियम. येत्या दसऱ्याला लेथबरोबर त्याचीही पूजा झाली. नारळ मात्र केबिनच्या बाहेर फोडला, पाणी उडेल म्हणून.

मी अंधेरीच्या एका क्लासमध्ये त्रिमूर्ती शिकलो होतो: वर्डस्टार, लोटस, डीबेस. त्या काळी एवढ्यावर 'कॉम्प्युटरवाला' होता येत असे. शेठ म्हणाले, हजेरी आणि पगार यावर घ्या.

आता थोडं डीबेसविषयी, कारण त्याची कुळकथा मला अजून आवडते. अमेरिकेत पॅसाडेनाला नासाची जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी आहे, जिथे ग्रहांकडे जाणारी यानं बनवतात. तिथे वेन रॅटलिफ नावाचा एक प्रोग्रॅमर कंत्राटावर काम करत होता. ऑफिसातल्या लोकांची फुटबॉलच्या निकालांवर पैज लागे, ती जिंकण्यासाठी आकडे नीट मांडायला त्याला साधन हवं होतं. प्रयोगशाळेच्या मोठ्या युनिव्हॅक मशीनवर जेपीएलडिस नावाचा माहिती ठेवण्याचा प्रोग्रॅम होता. तो नमुना समोर ठेवून १९७८ च्या सुमारास त्याने घरच्या छोट्या मशीनवर स्वतःचा प्रोग्रॅम लिहिला. नाव ठेवलं व्हल्कन, स्टार ट्रेकवरून. तो स्वतः विकायला गेला तेव्हा फारसा खपला नाही. मग जॉर्ज टेट आणि हॅल लॅशली या दोघांनी विक्री हातात घेतली आणि नाव बदलून डीबेस टू केलं. डीबेस वन कधी नव्हताच! 'टू' म्हटलं की माल मुरलेला वाटतो, एवढंच. कंपनीचं नाव ॲश्टन-टेट, त्यातला ॲश्टनही कधी नव्हता. नंतर कंपनीत एक पोपट पाळला आणि त्याला ॲश्टन म्हणायला लागले. १९८४ मध्ये डीबेस थ्री आला, पाठोपाठ थ्री प्लस, आणि आम्ही सगळे त्या थ्री प्लसचे विद्यार्थी. १९८८ चा डीबेस फोर इतका चुकांनी भरलेला निघाला की कंपनी खचली आणि १९९१ मध्ये बोर्लंडने ती विकत घेतली. मधल्या काळात फॉक्स सॉफ्टवेअरवर नक्कल केल्याचा खटला भरला, तर १९९० मध्ये न्यायाधीशांनी उलट विचारलं की तुमचं मूळ जेपीएलडिसमध्ये आहे हे का लपवलंत? पुढे तो निकाल फिरला, पण तोवर वेळ गेली होती.

असो. मला बोलायचंय ते डीबेसच्या पोटातल्या एका छोट्या खोलीबद्दल, त्याच्या टेक्स्ट एडिटरबद्दल.

डीबेस सुरू केला की पडद्यावर एक टिंब येई. नुसतं टिंब. त्यापुढे हुकूम लिहायचे. प्रोग्रॅम लिहायचा असेल तर मॉडिफाय कमांड आणि पुढे फाइलचं नाव. डीबेसला प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं पुरत, त्यामुळे अख्खा हुकूम कोणी लिहीत नसे. सगळे लिहीत आणि म्हणत 'मोडी कॉम'.

काकांनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा केबिनच्या दारात चप्पल काढता काढता थांबले. "मोडी? यात मोडी लिहिता येतं?"

त्यांचे आजोबा खोताकडे कारकून होते. घरी कोकणात मोडीतले कागद बांधून ठेवलेले होते, वाचता कोणालाच येत नव्हते. मी म्हटलं, काका, ही वेगळी मोडी. ते म्हणाले, "वेगळी कशी? हिशेब ठेवायचाय ना? मग तीच."

तेव्हा मला हे गमतीचं वाटलं. पण बघा, मोडी ही हात न उचलता भराभर लिहायची लिपी, आणि ती चालली ती दप्तरात. पुण्याच्या पेशवे दप्तरात तिचे हजारो रुमाल आहेत. गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातून निवडक कागद छापले, ४५ खंड झाले. दप्तरात जमाखर्च ढिगाने आहेत, पण आपण गोष्ट म्हणून जे सांगतो ते बहुतेक पत्रांतून आलेलं. रकान्यांत कोणाला किती दिले ते कळतं. का दिले, ते कोणीतरी ओळीत लिहिलेलं असावं लागतं.

तर हा एडिटर. कळा बहुतेक वर्डस्टारच्या वळणाच्या. कंट्रोल धरून ई, एस, डी, एक्स दाबलं की कर्सर वर, डावीकडे, उजवीकडे, खाली. कंट्रोल वायने अख्खी ओळ गायब. लिहिलेलं ठेवायचं तर कंट्रोल डब्ल्यू. एस्केप म्हणजे लिहिलेलं टाकून बाहेर. क्लासमधून आलेल्या पोराला हे पाठ असे, बोटं आपोआप जात.

आणि त्याची एक मर्यादा होती: पाच हजार अक्षरं. त्यात रिकाम्या जागाही आल्या. तेवढ्याहून मोठी फाइल त्या एडिटरमध्ये उघडली की, फाइल फार मोठी आहे, काही मजकूर जाऊ शकतो, अशा अर्थाची एक ओळ दिसे. आपण घाईत असतो. ओळ दिसते, वाचली जात नाही. मग कंट्रोल डब्ल्यू. पाच हजाराच्या पुढचं सगळं गेलं.

१९८९ मध्ये माझं हे झालं. पगाराचा प्रोग्रॅम हळूहळू वाढत गेला होता. आज ओव्हरटाइम, उद्या ॲडव्हान्सची कपात, परवा फंड. मी मोजत नव्हतो. महिन्याच्या पाच तारखेला ओव्हरटाइमच्या दरात किरकोळ बदल करायला फाइल उघडली आणि ठेवली. काहीतरी राहिलं म्हणून पुन्हा उघडली, पुन्हा ठेवली. डीबेस आधीची प्रत बॅक नावाने राखून ठेवत असे, पण एकच. दोनदा ठेवल्यामुळे तीही कापलेलीच. सहा तारखेला संध्याकाळी प्रोग्रॅम चालवला तर अर्ध्यात थांबला. खालचा भाग, म्हणजे कपाती आणि पाकिटावरची निव्वळ रक्कम काढायचा भाग, जागेवर नव्हताच. सात तारखेला पगार झाला पाहिजे हा कायदा. मला घाम फुटला.

काकांनी काही विचारलं नाही. कपाटातून हजेरीपट काढला, चहा सांगितला, आणि रात्री साडेबारापर्यंत साठ-सत्तर माणसांचा पगार हाताने काढला. मी बेरजा तपासत होतो. मधेच म्हणाले, "तुझ्या मोडीला पान संपलं तर दुसरं पान जोडता येत नाही का रे?"

जोडता येत होतं. मग मी प्रोग्रॅमचे तुकडे केले. पगार-एक, पगार-दोन, पगार-तीन, प्रत्येक पाच हजाराच्या आत, एक दुसऱ्याला हाक मारणारा. पुढे मोठ्या कंपन्यांत गेल्यावर याला मोठमोठी नावं असतात आणि हे करणाऱ्याला हुशार समजतात असं कळलं. :) आम्ही ते एडिटरच्या भीतीने शिकलो. (कॉन्फिग नावाच्या फाइलीत एक ओळ लिहून डीबेसच्या एडिटरऐवजी वर्डस्टारच उघडायची सोयही होती. पण डीबेस आणि वर्डस्टार दोघं एकदम मेमरीत बसायला हवेत. आमच्या मशीनवर ते जमत नसे.)

याच एडिटरचं दुसरं दार होतं मेमो. डीबेसच्या साध्या रकान्यात जास्तीत जास्त २५४ अक्षरं मावत आणि रुंदी आधी ठरवावी लागे. नाव ३०, हुद्दा १५, हजर दिवस २. पण एक प्रकार असा की त्याला रुंदीच नाही. पडद्यावर त्या जागी नुसतं 'मेमो' असं दिसे. तिथे कर्सर नेऊन कंट्रोल आणि पेजडाउन दाबलं की तोच एडिटर उघडे, कोरा. हवं ते लिहा. मर्यादा तीच, पाच हजार.

मी हजेरीच्या फाइलीत प्रत्येक कामगाराला असा एक मेमो दिला. खरं सांगायचं तर पुस्तकात होतं म्हणून दिला. त्याचा उपयोग काय हे मला माहीत नव्हतं. काकांना लगेच कळलं.

ते रोज संध्याकाळी चप्पल काढून आत यायचे आणि दोन बोटांनी टाइप करायचे. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड तेव्हा मिळू लागलं होतं. ते मशीनमध्ये बसवलं की थेट डीबेसमध्ये देवनागरी उमटे. सरकारी कचेऱ्यांतून ते दिसे, पण आमचे शेठ त्यासाठी वेगळे पैसे घालणारे नव्हते. म्हणून काकांची मराठी रोमन वेषात. स्पेलिंग रोज वेगळं. अमक्याची आई वारली, तेरा दिवस गावी. अमक्याला काविळ, कामगार विम्याच्या दवाखान्याचा दाखला पाहिला, तारीख अमुक. अमका उशिरा आला, साकीनाक्याला पाणी भरलं होतं, कापू नये. शेवटी बहुधा दोन शब्द असत, 'विचारून गेला' किंवा 'न विचारता'. मी कधीमधी वाचायचो. सगळं कधीच वाचलं नाही.

'विचारून' आणि 'न विचारता' यातला फरक म्हणजे काय, ते ज्यांनी कारखान्यात काम केलंय त्यांना सांगायला नको. कायद्यात २४० दिवसांचा हिशेब असतो. ग्रॅच्युइटीच्या १९७२ च्या कायद्यात पाच वर्षं सलग नोकरी झाली तर दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार मिळत असे. वर्षात २४० दिवस भरले की ते वर्ष धरलं जाई. भरले नाहीत, पण माणूस आजारपणामुळे किंवा रजेमुळे नव्हता, तरी नोकरी सलग मानता येई. मात्र कारण कुठेतरी लिहिलेलं हवं. आमच्या रकान्यात फक्त एक अक्षर होतं, गैरहजर. कारण मेमोत.

१९९२ च्या सुरुवातीला मी काकांना म्हटलं, "काका, आता मशीनमध्ये सगळं आहे. हजेरीपट कशाला दोनदोनदा लिहिता?" ते म्हणाले, "बघ हं." मी म्हटलं, काळजी नको. त्यांनी कागदी हजेरीपट बंद केला. दाखलेही पाहून, मेमोत टिपून, परत देऊ लागले.

त्याच वर्षीचा डिसेंबर आणि पुढचा जानेवारी मुंबईकर विसरणार नाहीत. श्रीकृष्ण आयोगाने १९९८ च्या अहवालात दोन्ही महिन्यांच्या दंगलींत मेलेल्यांचा आकडा ९०० दिला आहे. आयोगाने मेलेले मोजले, जाळपोळ मोजली, पोलिसांनी काय केलं आणि काय केलं नाही ते मांडलं. पण त्या दिवसांत शहरातून गाड्या भरभरून माणसं गावाकडे गेली. त्यातला कोण कधी गेला, कोण परत आला, आल्यावर त्याला कामावर घेतलं की नाही, हे कुठे लिहिलेलं असणार? कारखान्यांच्या हजेरीत. आमच्याकडे काकांच्या मेमोत. जानेवारी १९९३ मध्ये ते रोज त्या केबिनमध्ये बसत, कधी कधी तासभर. अर्धा कारखाना रिकामा होता, लिहायला वेळ होता. मी एकदा डोकावलो तर म्हणाले, "ज्याचं त्याचं लिहून ठेवतोय. नंतर कोणी म्हणायला नको, पळून गेला."

आमच्याकडे आझमगढचा एक पॉलिशवाला होता. १९९१ च्या फेब्रुवारीत लागलेला. त्या जानेवारीत तो बायकोमुलांना घेऊन गेला आणि जूनमध्ये परतला. शेठनी त्याला ठेवून घेतलं, एवढं मला माहीत होतं.

पुढचं भराभर सांगतो. मी १९९४ मध्ये नोकरी सोडली. काका १९९५ मध्ये निवृत्त होऊन गावी गेले. १९९६ च्या एप्रिलमध्ये कारखाना बंद झाला. तोवर मरोळमध्ये एकामागून एक शटर खाली येत होती आणि जमिनीचे भाव वर जात होते, यात आमचं विशेष काही नव्हतं. शेठनी मला निरोप पाठवला: मशीन भंगारात द्यायचंय, कामगारांचा हिशेब करायचाय, येऊन फाइली काढून द्या. मी एका रविवारी गेलो. ऑफिसातले कागद आधीच रद्दीवाल्याकडे गेले होते. मशीनवर धूळ होती. मी फ्लॉपी घातली आणि टाइप केलं: कॉपी, तारका, टिंब, डीबीएफ. सगळ्या डीबीएफ फाइली फ्लॉपीवर गेल्या. अर्ध्या तासाचं काम. चहा पिऊन घरी आलो.

आता ज्यांना डीबेस माहीत आहे त्यांनी कपाळाला हात लावला असेल. मेमो डीबीएफमध्ये नसतात. ते शेजारी त्याच नावाच्या दुसऱ्या फाइलीत असतात, तिचं आडनाव डीबीटी. मला हे माहीत होतं. क्लासमध्ये मीच पुढे दोन वर्षं शिकवलं होतं. त्या रविवारी आठवलं नाही, बस्स.

दोन आठवड्यांनी हिशेबनीसाचा फोन आला की फाइल उघडत नाही, डीबीटी उघडता येत नाही म्हणतेय. तोवर मशीन भंगारात गेलं होतं. मी एक दिवस साकीनाक्याच्या आणि कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे हिंडलो. मिळालं नाही. शेवटी नेहमीची युक्ती केली. दुसऱ्या एका रिकाम्या फाइलीची डीबीटी घेतली, नाव बदललं, शेजारी ठेवली. डीबेस फसला, फाइल उघडली. रकाने सगळे शाबूत, मेमो सगळे कोरे.

हिशेबनीस वाईट माणूस नव्हता. त्याने समोर जे होतं त्यावर हिशेब केला. पॉलिशवाल्याच्या एका वर्षात २४० दिवस भरत नव्हते, कारण काही दिसत नव्हतं, ते वर्ष गळलं. पाचाची चार झाली. चाराला ग्रॅच्युइटी नाही. मी काकांना गावी ट्रंक कॉल लावला, वाण्याच्या दुकानात. ते म्हणाले, "रजा मंजूर होती रे त्याची. शेठनी माझ्यासमोर हो म्हटलंय. मी सगळं लिहिलंय ना त्यात." मी म्हटलं, काका, तारखा आठवतात का? ते म्हणाले, "तारखा मला विचारू नकोस. तारखा त्यात आहेत."

शेठना आठवत नव्हतं. निदान ते तसं म्हणाले.

पॉलिशवाला मला मरोळ नाक्यावर भेटला. फंडाचे कागद भरायला मदत हवी होती. ते झाल्यावर त्याने एकच विचारलं, "साहब, काकाने तो मेरे सामने लिखा था. मशीन में नहीं है?" मी म्हटलं, मशीनच नाही. चूक कोणाची ते सांगितलं नाही. त्याने दाद मागायला हवी होती, मीही त्याला तसं म्हटलं, पण कागदाशिवाय दाद मागायला मुंबईत राहावं लागतं आणि राहायला पैसे लागतात. तो गेला. आणखी दोघातिघांची अशीच एकेक वर्षं गळली, पण त्यांची नोकरी लांब होती, त्यांना थोडं कमी मिळालं एवढंच.

काका २००९ मध्ये गेले. त्यांच्याशी या विषयावर पुन्हा बोललो नाही. त्यांनीही काढला नाही.

भाचा गेल्यावर मी जुनी सीडी शोधली. २००३ मध्ये सगळ्या फ्लॉप्या एका सीडीवर उतरवल्या होत्या, त्यात ती पहिली, युक्ती करायच्या आधीची प्रतही होती. डीबेस आता माझ्याकडे नाही, पण डीबीएफ ही इतकी साधी फाइल आहे की कुठल्याही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते. मी नोटपॅडमध्ये उघडली. सुरुवातीला थोडा कचरा, मग सत्तर माणसं एकाच लांबलचक ओळीत, एकाला चिकटून दुसरा. डीबेस ओळ तोडत नाही, त्याला रेकॉर्डची लांबी ठाऊक असते. मी मोजून मोजून प्रत्येकाच्या शेवटी एंटर मारत गेलो. रकाने एकाखाली एक आले. सोडून गेलेल्यांच्या आधी तारका होती. डीबेसमध्ये माणूस काढून टाकला तरी आधी फक्त तारका लागते. नावं वाचताना चेहरे येत होते.

शेवटचा रकाना मेमोचा. मला वाटलं होतं तो रिकामा असेल. पण तसं नसतं. डीबीएफमध्ये मेमोच्या जागी दहा अक्षरांची खिडकी असते आणि तिच्यात एक आकडा लिहिलेला असतो, डीबीटीच्या कितव्या खणापासून ही नोंद सुरू होते तो. एक खण ५१२ अक्षरांचा. ज्याच्याबद्दल काही लिहिलेलंच नाही त्याची खिडकी कोरी. काहींची कोरी होती. बहुतेकांची नव्हती.

सगळे आकडे कागदावर उतरवले आणि चढत्या क्रमाने लावले. बहुतेकांच्या पुढचा आकडा लगेचचा, म्हणजे नोंद एका खणात मावलेली. आझमगढच्या पॉलिशवाल्यापुढे होता ६१. ६२ कोणाकडे नव्हता, ६३ नाही, ६४ नाही. पुढचा एकदम ६५. वाढलेली नोंद डीबेस शेवटी नव्याने लिहितो आणि जुनी जागा पडून राहते, त्यामुळे मधले खण दुसऱ्या कोणाच्या टाकलेल्या मजकुराचेही असू शकतात. तसं नसेल तर काकांनी त्याच्याबद्दल दीड हजारांहून जास्त अक्षरं लिहिली होती, दोन बोटांनी.